शोपीस झालेलं शंटिंग इंजिन पुन्हा स्टीमवर आणायचं तर

पहिलंच सांगतो, रंगाचे डबे आणू नका. कुणाच्या हाती जुनं वाफेचं इंजिन लागलं, मग ते कारखान्याच्या आवारात उभं असो, खाणीच्या सायडिंगवर गंजत असो की गेटसमोर चौथऱ्यावर चढवून ठेवलेलं असो, पहिल्या रविवारी सगळे पोट्टे ब्रश घेऊन हजर. काळा रंग, लाल बफर, पिवळी रेघ, फोटो, आणि मग कित्येक महिने काहीच नाही. रंगाखाली तडा लपतो, रिव्हेटच्या भोवतीचा गंज लपतो, आणि बॉयलर तपासायला माणूस आला की तोच रंग खरवडून काढावा लागतो, म्हणजे पैसेही गेले आणि रविवारही. रंग सगळ्यात शेवटी.

हे लिहून राहिलोय ते अगदी नवीन लोकांसाठी, ज्यांनी नागपुरात मोतीबागेतलं नॅरोगेज म्युझियम पाहिलंय, २००२ पासून ते आहे, आणि बाहेर पडताना मनात आलंय की यातलं एखादं चालू का होत नाही. होऊ शकतं, पण कुठल्या क्रमाने काम करायचं हे कळलं नाही तर पैसा भलतीकडेच जातो.

शंटिंगचंच का

सुरुवात करायची तर शंटिंग इंजिनानेच करा. मेल गाडीचं मोठं इंजिन दिसायला भारी, पण त्याला सुपरहीटर (वाफ आणखी तापवायची सोय), टेंडर (मागे जोडलेला कोळसा-पाण्याचा डबा), लांब व्हीलबेस, आणि चालवायला लांब लाईन हवी. यार्डात डबे ढकलणारं टँक इंजिन म्हणजे चार किंवा सहा चाकं, सगळी एकमेकांना रॉडने जोडलेली, पाणी इंजिनाच्याच अंगावरच्या टाकीत, कोळसा कॅबच्या मागे. बहुतेकांना सुपरहीटर नसतो, म्हणजे ओली वाफ, साधे स्लाइड वाल्व (सिलिंडरला वाफ सोडणाऱ्या सरकत्या झडपा), कमी भानगड. स्पीड हवाच नाही, तीन-चारशे मीटर रूळ असला तरी लोकांना चालताना दाखवता येतं. आणि वजन असं की योग्य क्रेन मिळाली तर लो-बेड ट्रेलरवर चढतं.

विदर्भात असली इंजिनं असायचं कारण उघड आहे. मुंबईकडून जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) १८६७ ला नागपूरला आली, १८८७ ला बंगाल नागपूर रेल्वे झाली, मग सातपुड्याकडची ७६२ मिलिमीटरची नॅरोगेज पसरली. शिवाय कामठीकडच्या कोळशाच्या खाणी आणि रामटेक-मनसरकडचं मँगनीज, आणि जिथे खाण तिथे सायडिंग, जिथे सायडिंग तिथे डबे ढकलायला काहीतरी लागणारच.

इंजिन नेमकं कोणाचं

हा कंटाळवाणा भाग आहे पण टाळू नका. चौथऱ्यावरचं इंजिन 'कोणाचंच नाही' असं कधीच नसतं. रेल्वेचं असेल तर लेखी परवानगी रेल्वेकडूनच, आणि स्टेशन मास्तर 'घ्या की' म्हणाला याला काही अर्थ नाही. कंपनीचं असेल तर मालकीचा कागद, भंगारात निघालं असेल तर लिलावाची पावती, सगळं फाइलला लावा. सार्वजनिक रेल्वे लाईनवर चालवायचं डोक्यातून काढून टाका, त्यासाठी कमिशनर ऑफ रेल्वे सेफ्टीपर्यंत जावं लागतं. स्वतःच्या कुंपणातला रूळ, हेच नवख्यांचं मैदान.

मग कॅबच्या बाजूला नाहीतर सिलिंडरवर पितळी प्लेट शोधा, त्यावर बनवणाऱ्याचं नाव, वर्क्स नंबर आणि साल असतं. प्लेट चोरीला गेली असेल (बहुतेक गेलेलीच असते) तर कपलिंग रॉड (चाकं जोडणारे), वाल्व गिअरचे (वाल्व हलवणाऱ्या यंत्रणेचे) भाग, एक्सलबॉक्स (चाकाचा आस ज्यात फिरतो ती पेटी) यांच्यावर ठोकलेले नंबर बघा. तीन भागांवर तीन वेगळे नंबर दिसले तर दचकू नका. शेडमध्ये एका इंजिनाचा रॉड दुसऱ्याला लावणं रोजचंच होतं, फक्त वहीत टिपून ठेवा कारण पुढे मापं जुळली नाहीत तर कारण तिथेच सापडतं.

बॉयलरचं वेगळं. खासगी बॉयलरला बाष्पके संचालनालयाचा परवाना लागतो. १९२३ चा जुना कायदा जाऊन आता २०२५ चा आलाय, पण गाभा तोच आहे: नोंदणी नसलेला, सर्टिफिकेट नसलेला बॉयलर पेटवायचा नाही, आणि पेटवला तर त्याच्यावर सर्टिफिकेटवाला अटेंडंट हवा. इन्स्पेक्टरला शेवटी बोलवू नका, पहिल्या महिन्यातच भेटा. 'साहेब, असं असं इंजिन आहे, काय काय लागेल' एवढं विचारलं तरी पुढची अर्धी फरफट वाचते, कारण कुठली प्लेट बदलायची, कुठलं वेल्डिंग चालेल, कुठल्या ट्यूबचं आयबीआर (भारतीय बॉयलर नियमावली) सर्टिफिकेट लागेल हे शेवटी तेच ठरवणार आहेत.

स्पॅनर लावायच्या आधी

सगळ्या बाजूंनी फोटो, मग प्रत्येक पाइपचा जवळून फोटो, मग प्रत्येक पाइपला तारेने बांधलेला पत्र्याचा टॅग. कागदी टॅग नको, ग्रीस आणि पावसात एका सीझनमध्ये गळून पडतात. नट-बोल्ट डब्यात, डब्यावर ऑइल पेंटने नंबर.

पितळ आणि तांबं सगळ्यात आधी काढून कुलपात ठेवा. इंजेक्टर, गेज कॉक, शिट्टी, ल्युब्रिकेटर, एक्सलबॉक्सचे ब्रास (पितळी बेअरिंग), सगळं. १८५५ ची फेअरी क्वीन म्हणजे देशातलं सगळ्यात मिरवलेलं इंजिन, तिचेसुद्धा भाग शेडमध्ये उभी असताना चोरले गेले होते, मग तुमचं कामठी रोडवरच्या गोडाऊनमधलं इंजिन कोण सोडणार.

बॉयलरच्या अंगावर पत्र्याचं कव्हर असतं आणि त्याखाली पांढुरकं, तंतूतंतूचं काहीतरी, ते बहुतेक ॲस्बेस्टॉस. हाताने ओढू नका, ब्लोअरने उडवू नका, पोरांना जवळ येऊ देऊ नका. खात्री होईपर्यंत ॲस्बेस्टॉस समजूनच वागायचं: ओलं करून, योग्य फिल्टरचा मास्क लावून (रस्त्यावर मिळतो तो कापडी नाही), दुहेरी पिशवीत, आणि घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत जागेत. बुटीबोरीला अशी सोय आहे. एकदाच पैसे जातात, पण फुप्फुस दुसरं मिळत नाही.

स्मोकबॉक्सचं, म्हणजे चिमणीखालच्या धुराच्या पेटीचं, दार उघडलं की आत बरेचदा राख, पाणी, पक्ष्यांची घरटी आणि कधीकधी चक्क सिमेंट निघतं. चौथऱ्यावर बसवताना 'मजबुती' म्हणून ओततात. राख आणि पावसाचं पाणी मिळून आम्ल होतं आणि स्मोकबॉक्सचा तळ चाळणी होतो. हा पत्रा नवीन करायला सोपा, त्याला घाबरायचं कारण नाही.

बॉयलर: सगळं इथेच ठरतं

बाकीचं इंजिन कितीही खराब असलं तरी दुरुस्त होतं. बॉयलर कामाबाहेर असेल तर तुमच्याकडे शोपीसच आहे, आणि ते लवकर कळलेलं बरं. म्हणून चाकं, सिलिंडर, ब्रेक कशालाच हात लावायच्या आधी बॉयलरचा निकाल लावा.

आत काय आहे ते आधी डोक्यात बसवा. मागे फायरबॉक्स, म्हणजे पेटीत पेटी. आतल्या पेटीत आग, दोन पेट्यांच्या मधल्या चार बोटं जागेत पाणी, आणि ती दोन्ही आवरणं शेकडो स्टेबोल्टनी एकमेकांना धरलेली. पुढे गोल बॅरल, त्यात पाणी, आणि पाण्यातून आरपार जाणाऱ्या नळ्या, नळ्यांतून धूर. १५० पीएसआय म्हणजे साधारण साडेदहा किलो प्रेशरला फायरबॉक्सच्या माथ्याच्या प्रत्येक चौरस फुटावर जवळजवळ पावणेदहा टन जोर असतो. चार-चार इंचांवर स्टे असतील तर एकेका स्टेच्या वाट्याला टनभर. म्हणून एक स्टे तुटला तर 'एकच तर आहे' असं म्हणायचं नाही, शेजारच्या चौघांवर त्याचा भार गेलेला असतो.

स्टे तपासायचं जुनं तंत्र हातोडीचं आहे. तुमच्या ओळखीत शेडमध्ये काम केलेला म्हातारा फिटर असेल तर त्याला घेऊन या, चहा पाजा, आणि फायरबॉक्सच्या दारातून आत उतरायला मदत करा. मी ज्या काकांकडून हे शिकलो ते आत बसून एकेका स्टेच्या डोक्यावर हलकी टिचकी द्यायचे, डोळे मिटून. 'टणण' आलं की पुढे. 'ठप्प' आलं की म्हणायचे, "बाबू, खडू मार इथे." बाहेरून कुणीतरी त्याच स्टेवर जाड लोखंड टेकवून धरलं तर फरक जास्त कळतो. बऱ्याच स्टेंना मधोमध बारीक भोक पाडलेलं असतं, स्टे आत तुटला की त्या भोकातून पाणी गळायला लागतं. शोपीस करताना कुणी ती भोकं रंगाने किंवा एम-सीलने बुजवली असतील तर सगळी उघडी करा. मुद्दाम ठेवलेली भोकं आहेत ती.

हातोडी झाली की मशीन. अल्ट्रासॉनिक जाडीमापकाने सगळ्या प्लेटांची जाडी घ्यायची. वायर ब्रशने धातू दिसेपर्यंत साफ करून खडूने चौकोन आखायचे, वीतभराचे, आणि प्रत्येक चौकोनाचा आकडा वहीत. जिथे जास्त जपून घ्यायचं त्या जागा: फायरबॉक्सच्या बुडाशी जी रिंग असते तिच्या लगेच वर (गाळ तिथे साचतो), बॅरलचं पोट, वॉशआउट प्लगच्या (गाळ धुवायच्या बुचांच्या) कडा, आणि प्लेट जिथे वाकवलेली आहे तो बाक, कारण तिथे आतून चर पडतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. चर बघायला आत कॅमेरा सोडावा लागतो, नाहीतर नळ्या काढल्यावर बारक्या अंगाच्या पोट्ट्याला टॉर्च देऊन पाठवावं लागतं, पण एकटं कधीच नाही, बाहेर माणूस उभा, आणि आत हवा खेळती.

इथे नागपूरकरांचं नशीब चांगलं आहे. कोराडी, खापरखेडा, मौदा, चारी बाजूंनी थर्मल पॉवर, त्यामुळे एनडीटी (धातू न कापता तपासणी) करणारे, आयबीआर पास वेल्डर, सर्टिफिकेटसकट बॉयलर ट्यूब विकणारे, सगळे हिंगणा-बुटीबोरीच्या टप्प्यात मिळतात. व्हीएनआयटी या इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेटलर्जीचं डिपार्टमेंट आहे, प्लेटचा नमुना दाखवायचा असेल तर विचारून बघा. पण एक गोष्ट लक्षात ठेवा: पॉवर प्लांटवाल्यांचा बॉयलर उलटा असतो, त्यांचं पाणी नळीत आणि आग बाहेर. आपली आग नळीत आणि पाणी बाहेर. त्यापेक्षा भंडारा-गोंदियाकडच्या राईस मिलच्या बॉयलरवर नळ्या बसवणारे कारागीर आपल्या कामाला जास्त जवळचे, धुराच्या नळ्या रोल करायचा त्यांचा हात बसलेला असतो.

नळ्या तर सगळ्याच बदला. जुन्यांपैकी अर्ध्या बऱ्या दिसल्या तरी बदला, कारण पुन्हा उघडायचा खर्च नळीपेक्षा जास्त. स्मोकबॉक्सच्या बाजूने काढायच्या आणि तिकडूनच घालायच्या. दोन्ही टोकं एक्सपांडरने फुलवायची, फायरबॉक्सकडचं टोक दुमडून मणी करायचा. एक्सपांडर जास्त फिरवला की भोक लंबगोल होतं आणि ट्यूबप्लेटच्या (नळ्या बसतात त्या प्लेटच्या) दोन भोकांमधला पूल तडकतो, म्हणून 'अजून थोडं टाइट करू' ही सवय इथे महागात पडते.

आणि वेल्डिंग. गंजून पातळ झालेल्या प्लेटवर वरून वेल्ड चढवून जाडी दाखवायची, हे एका ठिकाणी मी स्वतः बघितलंय, वरून ग्राइंडर मारून असं गुळगुळीत की कुणाला कळू नये. असलं काम करणाऱ्याला हात जोडून गेटबाहेर सोडा. प्लेट पातळ आहे तर तेवढा तुकडा कापून नवीन बसवायचा, कसा आणि कोणी ते इन्स्पेक्टरच्या मंजुरीने.

मग हायड्रॉलिक टेस्ट. सेफ्टी वाल्व काढून तोंडं बंद, बॉयलर काठोकाठ भरायचा, सगळ्यात वरच्या जागेतून हवा पूर्ण सोडायची, आणि हातपंपाने सावकाश प्रेशर, वर्किंग प्रेशरच्या वर किती न्यायचं ते इन्स्पेक्टर सांगेल तेवढंच. पाण्याने का, हवेने का नाही, असं नवीन पोरं हमखास विचारतात. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे काही फाटलं तर चुळकाभर पाणी उडून प्रेशर शून्यावर येतं. हवा असेल तर तोच प्रकार बॉम्बचा होतो. म्हणून आत अडकलेली हवा सोडल्याशिवाय पंपाला हात नाही, आणि कॉम्प्रेसर आणतो म्हणणाऱ्याला घरी पाठवा. प्रेशर धरलं की टॉर्च घेऊन एकेक स्टे, एकेक नळी, एकेक रिव्हेट. दव आल्यासारखा ओलावा चालतो, तो कालांतराने स्वतःच बंद होतो, पण धार चालत नाही.

खालचा भाग

बॉयलर पास झाला की फ्रेमवरून उचला आणि चाकं सोडवा. क्रेन भाड्याने आणणार असाल तर एकाच दिवसात जेवढं उचलायचं तेवढं उचलून घ्या, तासाचं भाडं खिसा कापतं.

फ्रेमला तडा बहुतेक हॉर्नच्या कोपऱ्यात जातो, म्हणजे एक्सलबॉक्स जिथे वरखाली सरकतो तिथे. केरोसीन लावून पुसा, वरून खडूची पूड मारा, तासाभराने तडा असेल तर काळी रेघ उमटते. एक्सलची मात्र अल्ट्रासॉनिकच करून घ्या, तडा चाकाच्या आत दडलेला असतो, बाहेरून दिसत नाही. जर्नल (एक्सलचे बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) लंबगोल झालेत का ते मायक्रोमीटरने बघा, ब्रास पुन्हा ओतून घ्या, एक्सलबॉक्समधल्या लोकरीच्या वाती नवीन. कमानी, म्हणजे ट्रकवाले ज्याला पाटे म्हणतात त्या, इथल्या पाटेवाल्याकडे सहज होतात, फक्त प्रत्येक पाट्याचा मूळ बाक मोजून द्यायला विसरू नका, नाहीतर सगळ्या चाकांवर वजन सारखं बसत नाही.

एक माप कुणीही विसरू नये: दोन एक्सलच्या मधलं अंतर आणि कपलिंग रॉडच्या दोन भोकांमधलं अंतर सारखंच हवं, दोन्ही बाजूंना. ब्रास नवीन केल्यावर हे सगळ्यात जास्त बिघडतं, आणि मग इंजिन एका फेऱ्यात दोनदा अडखळतं.

सिलिंडर आणि वाल्व

सिलिंडरची कव्हरं उघडा, आत गंज असेल तर बोअर करून नवीन मापाच्या रिंगा ओतून घ्या, बिडाचं काम करणारे फाउंड्रीवाले आणि लेथवाले हे काम हसत करतात. स्लाइड वाल्वचं तोंड आणि पोर्टचं (वाफ जायच्या खाचेचं) तोंड मार्किंग ब्लू लावून स्क्रेपरने बसवायचं, घाई न करता. जमलं की निळा रंग सगळीकडे ठिपक्या ठिपक्यांनी सारखा उमटतो.

वाल्व सेट झालेत की नाही ते शेवटी कानाने कळतं. दोन सिलिंडरच्या इंजिनाला चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके, चारही सारखे यायला हवेत. तीन जोरात आणि एक दबका असेल तर परत जाऊन मापं घ्या. तेलाचं एक लक्षात ठेवा, सिलिंडरचं तेल वेगळं, जाड, वाफेत न धुऊन जाणारं, बेअरिंगचं वेगळं. दोन्ही डबे सारखे दिसतात, झाकणांना वेगवेगळे रंग द्या.

इंजेक्टर, आणि आपला मे महिना

या गोष्टीवर कुणी लिहीत नाही, कारण बाहेरच्या थंड गावात हा त्रास नाही. बॉयलरला पाणी देणारा इंजेक्टर हा एक अजब प्रकार आहे, त्यात फिरणारं काहीच नाही. बॉयलरचीच वाफ एका बारीक कोनातून (निमुळत्या नळीतून) सुसाट सोडायची, ती थंड पाण्याला भिडून एकदम पाणी होते, आणि त्या वेगातून असा जोर तयार होतो की तेच पाणी त्याच बॉयलरच्या प्रेशरविरुद्ध आत घुसतं. सगळी गंमत वाफ थंड होण्यावर आहे. पाणी आधीच गरम असेल तर वाफ पूर्ण विरत नाही, इंजेक्टर फुसफुसतो, खालच्या ओव्हरफ्लोमधून वाफ आणि पाणी सांडतं आणि बॉयलरमध्ये थेंब जात नाही.

आता शंटिंग इंजिनाची टाकी बरेचदा बॉयलरच्या पाठीवरच खोगिरासारखी बसवलेली असते. खालून बॉयलरची धग, वरून पंचेचाळीस डिग्रीचं नागपूरचं ऊन. दुपारी दोनला टाकीत हात घालून बघा, आंघोळीला विसण लागेल असं पाणी असतं. आणि पाणी चाळिशीच्या वर गेलं की पुष्कळ इंजेक्टर रुसतात.

उपाय साधे आहेत. टाकी दुपारी अर्धी होऊ देऊ नका, थोड्या थोड्या वेळाने गार पाणी वरून घालत राहा. इंजेक्टरवर ओलं पोतं टाकून ठेवा, ही जुन्या ड्रायव्हरांचीच युक्ती आहे. आतले कोन काढून त्यावरचा क्षार पातळ ॲसिडने धुवा, घासू नका, कारण कोनाचं माप केसाएवढं बदललं तरी काम बिघडतं. दोन इंजेक्टर दोन्ही चालू असल्याशिवाय इंजिन हलवायचं नाही, आणि एप्रिल-मे मध्ये लोकांना दाखवायचं असेल तर सकाळी सहा ते दहा, मग आग उतरवा. काम करणाऱ्या माणसांसाठीही तेच, उन्हाळ्यात फायरबॉक्सच्या आत दुपारी कुणाला पाठवू नका.

पाणी कोणतं हेही इथेच. बोअरचं पाणी जड, त्याने नळ्यांवर क्षाराचा थर बसतो, आणि थर बसला की धातू जास्त तापतो. नळाचं पाणी बरं, सॉफ्टनर लावलेलं अजून बरं. बॉयलरमध्ये घालायचं केमिकल जाणकाराला विचारूनच, आणि रोज थोडं ब्लोडाउन, म्हणजे बॉयलरच्या तळातून गढूळ पाणी बाहेर सोडणं.

कोळसा म्हणाल तर खाणी दारात असूनही आपल्याकडच्या कोळशात राख फार, तीस टक्क्यांच्या आसपास असली तर नवल नाही. जाळीवर क्लिंकर (वितळून घट्ट झालेली राख) धरतो, हवा बंद होते आणि प्रेशर पडतं. हातात मावतील एवढे तुकडे निवडून घ्या, चुरा चाळून काढा, आणि आग जाड न ठेवता पातळ, उजळ ठेवा.

पहिल्यांदा पेटवताना

पेटवायच्या आधी स्मोकबॉक्स घट्ट बंद आहे का बघा, फटीतून हवा ओढली गेली तर आगीला ओढ लागत नाही. हँडब्रेक लावा, चाकाला ठोकळे, रिव्हर्सर (पुढे-मागे करायचा दांडा) मधोमध, रेग्युलेटर (सिलिंडरला वाफ सोडायची झडप) बंद, सिलिंडरच्या ड्रेन कॉक उघड्या. बॉयलरमध्ये पाणी गेज ग्लासच्या (पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीच्या) निम्म्याहून थोडं वर. दोन्ही गेज ग्लासचे कॉक उघडून-बंद करून पाणी खरंच वरखाली होतं का पाहा, ग्लासमध्ये अडकून राहिलेलं पाणी बघून समाधान मानणं हाच सगळ्यात मोठा धोका.

कारण असं, फायरबॉक्सच्या माथ्यावर पाणी नसेल तर तो माथा म्हणजे चुलीवर विसरलेलं कोरडं पातेलं. लोखंड लाल होतं, नरम पडतं, आणि वरचा पावणेदहा टनांचा जोर त्याला खाली फाडतो. तेवढ्यात प्रेशर सुटलं की बॉयलरमधल्या तापलेल्या पाण्यातलं काही पाणी एकाच क्षणात वाफ होतं, आणि पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटीहून जास्त जागा मागते. यासाठीच माथ्यात लेड प्लग असतो, त्यातलं शिसं वितळून वाफ आगीवर सुटते आणि फायरमनला इशारा मिळतो. तो प्लग दरवर्षी नवीन घाला, क्षार चढलेला प्लग वेळेवर वितळत नाही. आणि पाणी दिसेनासं झालं असेल तर त्या तापलेल्या माथ्यावर इंजेक्टर कधीही सोडायचा नाही, आग ओढून बाहेर काढायची आणि माणसं लांब.

आग अगदी बारीक. लाकडं, तेलात बुडवलेला कॉटन वेस्ट, कडेने थोडा कोळसा. पहिल्या दिवशी प्रेशर बनवायचंच नाही, फक्त बॉयलर कोमट करायचा, रात्रभर तसाच ठेवायचा, दुसऱ्या दिवशी हळूहळू वाढवायचं. बॉयलर तापला की लांबतो, आणि वरचा भाग आधी आणि पोट नंतर असं झालं की स्टे आणि नळ्यांचे जोड गळायला लागतात. इतक्या वर्षांनी पेटतंय तर घाई कशाची. या वेळात बॉयलर फ्रेमवर पुढेमागे सरकायला मोकळा आहे का तेही बघा.

प्रेशर वर्किंगला पोचलं की दोन्ही सेफ्टी वाल्व आपल्या ठरलेल्या आकड्याला उडतात का, आणि पूर्ण आग, ब्लोअर (आगीला ओढ देणारा वाफेचा झोत) चालू असतानाही प्रेशर दहा टक्क्यांहून वर चढत नाही ना, हे इन्स्पेक्टरसमोर. सेफ्टी वाल्वची सील स्वतः तोडणाऱ्याला दुसऱ्या दिवसापासून इंजिनावर चढू देऊ नका, मग तो ग्रुपचा अध्यक्ष का असेना.

चालवताना पहिली काही मिनिटं ड्रेन कॉक उघड्याच. थंड सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी होतं, पाणी दाबलं जात नाही, पिस्टन त्याच्यावर आदळला की कव्हर फुटून बाहेर. म्हणून शिट्टी, मग थोडा रेग्युलेटर, दोन्ही बाजूंनी पांढरी वाफ फसफसू द्या, दहा-बारा फेरे झाल्यावर कोरडी झाली की मगच बंद करा. ब्रेक आधी उभ्या उभ्या तपासा, मग चालताना, मग एक डबा लावून. शंटिंगमध्ये पुढेमागे सारखं चालतं, त्यामुळे ब्रेकचे ठोकळे भराभर झिजतात, दोन सेट जास्तीचे ओतून ठेवा.

रंग आणि पावसाळा

आता रंगाचे डबे उघडा. स्मोकबॉक्स आणि चिमणीला उष्णता सहन करणारा काळा, बाकीला तुमच्या इंजिनाचा जुना रंग, आणि तो ठरवायचा तर कॅबच्या आतल्या कोपऱ्यात बारीक सॅंडपेपरने थर थर उतरवत जा, खालून मूळ रंग निघतो. फोटोवरून रंग ठरवू नका, जुने फोटो काळेपांढरे आणि नवे फोटो भडक.

जून लागायच्या आत इंजिन बंद करून ठेवायचं असेल तर नुसतं पाणी सोडून दार लावू नका, ओलाव्याने आत जेवढा गंज वर्षात चढला नसता तेवढा एका पावसाळ्यात चढतो. बॉयलर स्वतःहून थंड होऊ द्या, गरम बॉयलरमध्ये गार पाणी मारून लवकर थंड करायचा मोह टाळा. पूर्ण थंड झाला की वॉशआउट प्लग काढून पाण्याच्या नळीने गाळ धुवा, बुडाच्या रिंगवर लोखंडी सळी फिरवून खपल्या काढा. मग दोन दिवस प्लग उघडेच ठेवून कोरडा करा, आत हॅलोजन दिवा सोडला तर लवकर होतो. शेवटी पत्र्याच्या तसराळ्यांत कळीचा चुना, अर्धीच तसराळी भरायची कारण ओलावा ओढला की चुना फुगून बाहेर सांडतो, मॅनहोलमधून आत ठेवा, सगळी तोंडं बंद करा, बाहेर पाटी लावा की आत चुना आहे, पाणी भरू नये. महिन्याने उघडून बघा, चुन्याची भुकटी झाली असेल तर नवीन.